ग्लासातला गाळ

त्याला सगळे पंपवालाच म्हणत. आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने हाक मारू शकेल अशी एकच व्यक्ती उरली होती, त्याची थोरली बहीण, आणि तीही नुसतं "अरे" म्हणून भागवायची.

घराखाली साठलेलं पाणी काढायचं आणि ते पुन्हा येऊ नये अशी तजवीज करायची, हा त्याचा धंदा. लोकांची तऱ्हा अशी की भिंतीला ओल आली की आधी रंग फासतात. रंगाला फोड आले की वर दुसरा रंग. तळघरात घोटाभर पाणी झालं आणि सामान तरंगायला लागलं, की मग पंपवाल्याच्या घराची वाट सापडते. तो आला की पंपाला हात न लावता आधी घराभोवती फेरी मारायचा. छपराची पन्हळ कुठे फुटलीय, तिचं पाणी भिंतीच्या मुळाशीच पडतंय का, अंगणाचा उतार घराकडे आहे की बाहेर, हे बघायचा. कितीतरी घरांत त्याने पंप लावलाच नाही. "भिंतीलगत माती टाकून उतार बाहेर करा, पन्हळीला लांब पाइप जोडा. आलेलं पाणी काढण्यापेक्षा येऊच न देणं सोपं," एवढं सांगून तो निघायचा. इतकं साधं औषध लोकांना पटायचं नाही. मग दुसऱ्या वर्षी पुन्हा हाक.

पंप लावायचीच वेळ आली तर त्याची एक रीत होती. तळघरात खड्डा खणायचा, त्यात भोकं पाडलेलं पिंप बसवायचं, माती आत शिरू नये म्हणून पिंपाला जाड कापड गुंडाळून भोवती खडी भरायची, आणि पिंपात साठलेलं पाणी पंपाने बाहेर टाकायचं. बाकी सगळे पाणी किती उतरलं ते बघत बसत. हा मात्र बाहेर पडणाऱ्या पाण्याचा एक ग्लास भरून खिडकीत ठेवायचा आणि घटकाभर त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचा. ग्लासाच्या तळाशी बारीक वाळूचा थर दिसला की पंप तिथेच बंद. कारण मग नुसतं पाणी बाहेर येत नसतं, त्याच्याबरोबर घराखालची जमीनही येत असते. "पाणी जाऊ द्यावं, जमीन जाऊ देऊ नये," असं तो घरोघरी सांगायचा.

गेल्या दीड वर्षापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं. त्याने बायकोला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. ऑपरेशन म्हणजे महिना घरी बसणं, आणि पंपवाल्याला दिसत नाही हे एकदा गावभर झालं की त्याला दारात कोण उभं करणार? माणूस दुसऱ्याच्या घराला पडलेली केसाएवढी भेग शोधतो आणि स्वतःची झाकून ठेवतो. त्यात पंपवाला काही वेगळा नव्हता.

त्या वर्षी ताईच्या तळघरात पाणी आलं.

आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ताई पंधराची. हिनेच याला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, मारलंही. तिचं घर म्हणजे तिच्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने बांधलेलं. तो वर चढून विटा लावायचा आणि ही खालून एकेक वीट देत राहायची. मूलबाळ झालं नाही, नवराही गेला, मागे राहिलं ते हे घर. ताईने भिंतीला लागूनच फुलझाडांचे वाफे केले होते आणि सकाळ-संध्याकाळ ती त्यांना भरभरून पाणी घालायची. "झाडांना नाही, तू घराला पाणी पाजतेयस," असं पंपवाला वीस वर्षं सांगत होता. पालथ्या घड्यावर पाणी. ताई म्हणायची, "तुझ्या पोटाला काहीतरी राहू दे की."

शेजारच्या मोकळ्या जागेत खोल पाया खणला गेला, जमिनीखालच्या पाण्याने वाट बदलली आणि ताईचं तळघर गुडघाभर भरलं. पंपवाल्याने हातातली कामं टाकली. या घरात त्याला एक थेंब दिसायला नको होता. खड्डा खणला, पिंप बसवलं, कापड गुंडाळलं. कापडाचा जोड खालच्या अंगाला उघडा राहिला होता. त्याच्या हातांना तो लागला नाही आणि डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ग्लास भरून खिडकीत ठेवला. शेजारचे दोघं कौतुकाने बघत उभे होते. त्यांच्याही तळघरात ओल होती. घटकाभराने पंपवाल्याने ग्लास उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "नितळ."

ताईने वाकून बघितलं. "अरे, खाली काहीतरी बसलंय. जरा गढूळच वाटतंय मला."

"तीस वर्षं हेच करतोय मी," तो एकदम तडकला. "तुला काय कळतं त्यातलं? तू तुझे वाफे सांभाळ."

शेजारी हसले. ताईही कसनुशी हसली, ग्लास उचलून आत गेली आणि विसळून घेऊन आली. त्यानंतर रोज तो ग्लास भरायचा, "नितळ" म्हणायचा आणि ती विसळायची. तळघर कोरडं होत चाललं होतं. पंपवाला लहान मुलासारखा खूश होता.

पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडेना. ताईने खांदा लावला तेव्हा चौकटीवरून छतापर्यंत बोटभर भेग गेलेली दिसली. पंपवाल्याने धावत जाऊन पंप बंद केला आणि ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. गवंड्याने भेग बघितलीच नाही. तो सरळ गटारापाशी गेला, जिथे पंपाचा पाइप पाणी टाकत होता. तिथे बारीक, धुतल्यासारख्या वाळूचा ढीग साचला होता, चार-पाच घमेली तरी सहज. पंपवाला दिवसातून दहा वेळा त्याच्यावरून गेला होता.

"ही वाळू कुठली?" गवंड्याने विचारलं.

पंपवाल्याने खाली बसून मूठभर वाळू हातात घेतली. ती बोटांत चोळून बघितली.

दुपारपर्यंत स्वयंपाकघराचा कोपरा वीतभर खचला. संध्याकाळी मधली भिंत फुगली. तिसऱ्या दिवशी सरकारी इंजिनिअर आला, दारावर लाल रंगाने फुली मारून गेला आणि महिन्याच्या आत घर पाडलं गेलं. विटा कुणीतरी ट्रॅक्टरने नेल्या. ताई रस्त्यापलीकडे उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. तिला घरी चल म्हणायचंही पंपवाल्याला धाडस झालं नाही. बायकोने तिचा हात धरून तिला आणलं.

आता ती त्याच्या घरी मागच्या खोलीत राहते. विचारपूस करायला आलेल्यांना सांगते, "माझेच वाफे नडले हो. भाऊ बिचारा वीस वर्षं ओरडत होता." हे ऐकलं की पंपवाल्याला ताट पुढ्यातून सारून उठावंसं वाटायचं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी एके दिवशी दुपारी ती कपडे घड्या घालत होती तेव्हा तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"ताई, तू म्हणाली होतीस. गढूळ आहे म्हणून."

"हो."

"रोज ग्लास तूच विसळत होतीस. रोज दिसत असेल तुला तळाशी."

"दिसायचं की."

"मग पुन्हा का नाही बोललीस?"

ताईने हातातली चादर खाली ठेवली. "तुला दिसत नाही हे मला मागच्याच वर्षी कळलं होतं. चहा कपाबाहेर ओततोस. शेजारी उभे होते, त्यांच्यासमोर काय सांगू, माझ्या भावाला दिसत नाही म्हणून? उद्या तुला कुणी कामाला बोलावलं असतं?"

"आणि ते गेल्यावर?"

"ते गेल्यावर तू इतका आनंदात होतास..." तिने चादर पुन्हा उचलली. "आणि मला वाटलं, चिमूटभर गाळ तर आहे. एवढ्याशा गाळाने घराला काय होतंय?"

एवढ्याशा गाळाने घराला काय होतं, हे त्याने शेकडो अनोळखी लोकांना त्यांच्या दारात उभं राहून समजावलं होतं. ताईला मात्र तो एवढंच म्हणाला होता, तुला काय कळतं त्यातलं.