आर्जियाबाईंच्या हातच्या तोर्तेलिनी

बोलोन्या शहरातल्या त्या गल्लीत आर्जियाबाईंच्या हाताला तोड नव्हती. डुकराच्या मांसाचं आणि चीजचं सारण भरून करंगळीभोवती वळलेल्या त्यांच्या तोर्तेलिनी, म्हणजे नखाएवढ्या करंज्याच, नाताळच्या दुपारी कोंबड्याच्या रश्शात वाढल्या जात. त्यासाठी गावोगावचे नातेवाईक येत. याच हातांच्या जोरावर बाईंनी सून मोरेना हिला लग्न झाल्यापासून धारेवर धरलं होतं. मोरेना नोकरीवाली. एका वर्षी तिने तोर्तेलिनी दुकानातून आणल्या, तर बाई भर पंगतीत म्हणाल्या, "दुकानातलंच खायचं तर सून कशाला आणली?"

यंदा बाईंची बोटं सुजली, करंगळी वाकेना. खरं सांगावं तर मोरेनापुढे नाक खाली होणार. म्हणून त्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानातून तोर्तेलिनी आणल्या, खोकं रस्त्यावरच टाकून दिलं आणि पाहुणे यायच्या वेळी हातांना चक्क कोरडं पीठ फासून घेतलं.

पहिल्याच चमच्याला बाईंची नणंद वेलिया थबकली. "वहिनी, हे तुमच्या हातचं नाही. सगळ्या कशा एका मापाच्या."

बाईंनी पिठाचे हात टेबलाखाली घेतले. तेवढ्यात मोरेना म्हणाली, "मी आणल्यात, आत्या. आईंची बोटं बघवेनात मला."

"वाटलंच," वेलिया म्हणाली.

बाईंचा मुलगा इवानो बायकोला म्हणाला, "सणाच्या दिवशी तरी आईची लाज राखायचीस." मोरेना खाली मान घालून वाढत राहिली. तिने कधी ओळखलं होतं कोण जाणे.

गप्प बसलं की सुटलो, हे बाईंना कळत होतं. एक घास त्यांनी गिळला, दुसरा गिळवेना.

"मी आणल्या," त्या म्हणाल्या. "तिला बिचारीला ठाऊकही नव्हतं. हाताला पीठ लावून मी तुम्हाला फसवलं."

वेलियाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बघ गं मोरेना, सासू असावी तर अशी. सुनेची चूक स्वतःच्या अंगावर घेते." इवानोचे डोळे भरून आले. सगळ्यांनी बाईंच्या नावाने पेले उचलले.

"अरे, ऐका तरी," बाई म्हणाल्या, पण ऐकतंय कोण.

"राहू द्या, आई," मोरेना त्यांच्या ताटलीत रस्सा ओतत हळूच म्हणाली. "निवतोय, खाऊन घ्या."

बाईंना वर बघायचं धाडस झालं नाही.