उसवलेलं अंगण

आमच्या दादाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, कपडे बेतणारा. शिलाई जराशी वाकडी गेली की गिऱ्हाइकाच्या लक्षात यायच्या आत हा ती अख्खी उसवायचा. अर्धीच उसवून पुढे जोडून घेणं त्याला फसवणूक वाटायची. हीच खोड आता त्याने अंगणात आणलीय आणि माझं डोकं फिरवलंय. धाकटी बहीण म्हणून मी त्याच्याकडेच राहते, त्यामुळे सुटका नाही.

वहिनी जाऊन वर्ष होत आलं. जाताना तिने एकच मागितलं होतं, "मी बसायचे तसं रोज सकाळी पाच मिनिटं देवापाशी बसा. माझ्या जागी." दादाने देवाला जन्मात कधी विचारलं नव्हतं, तरी हो म्हणाला. आणि एकदाही बसला नाही. मन शांत नसताना कसं बसायचं, म्हणे. मग कुठूनतरी ऐकून आला की अंगण झाडता झाडता मन झाडलं जातं. ठरलं! अंगण स्वच्छ झालं की बसायचं. ऐन पानगळीत हा बेत.

रोज दाताळं घेऊन भिंतीपासून सरळ पट्टे ओढतो, कापडावर खडूची रेघ मारावी तसे. पट्टा संपतो न संपतो तोच झाडावरून एखादं पान येतं, नेमकं मधोमध. की हा गोळा केलेला ढीग पुन्हा पसरून भिंतीपासून सुरुवात करतो. त्याचा चहा गार होतो आणि मी गरम होते.

"अरे, ते एक पान उचल ना!" मी खिडकीतून ओरडते.

"ठिगळ लावल्यासारखं होईल."

"होऊ दे! तुझ्या अंगणाचं माप घ्यायला कोण येणार आहे?"

काल मात्र तो थेट फाटकापर्यंत पोचला. मी आत वहिनीची चटईसुद्धा अंथरली. तेवढ्यात वारा सुटला आणि झाडाने हात झटकावेत तशी पानं टाकली. दादाने दाताळं भिंतीवर आपटलं. दांडा मोडला. मग वर बघून ओरडला, "थट्टा लावलीय का माझी? तिला नेलंस तेव्हा चकार शब्द काढला नाही मी. पाच मिनिटं मागतोय, तीही देववत नाहीत? मला नाही जमत तिच्याशिवाय! ऐकू येतंय का?"

शेजारच्या खिडक्या उघडल्या. मला लाज वाटली आणि रडूही आलं. तो तिथेच पानांत बसला. मी चहा घेऊन गेले.

"संपलं," तो म्हणाला. "बसायचं राहिलं बाजूला, देवाशी भांडून बसलो."

"वहिनी तरी दुसरं काय करायची?"

"ती? ती डोळे मिटून बसायची."

"ओठ हलायचे ना? मला पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. रोज भांडायची, दादा. तुझ्या खोकल्यावरून, मूल झालं नाही त्यावरून. मग डोळे पुसून चहा टाकायची."

दादाने कप खाली पानांत ठेवला.

"आणि मी दुकानात सगळ्यांना सांगायचो," तो म्हणाला, "आमची बायको फार शांत आहे."