कर्जमावशींचं उत्तर

कर्जमावशींच्या हातात कोणी पाण्याचा पेला दिला, की पिण्याआधी त्या विचारायच्या, "या नळाचं कर्ज फिटलं का?" टोकियोच्या निशी-कसाई भागात मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यांना पहिल्यांदा पाणी दिलं, तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. मी पुण्याहून नुकतीच आलेली, कावासाकीतल्या एका कंपनीत जपानी आणि भारतीय टीमच्या मधली दुभाषी. मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. मी "माहीत नाही" म्हटल्यावर त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि आरतीपर्यंत मला उठू दिलं नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या शहरात त्यांचा जन्म झाला. नाव त्या क्वचितच घ्यायच्या. नुसतं "आपलं शहर" म्हणायच्या. तिथल्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना त्यांनी पीएच.डी.ला विषय घेतला होता, एकोणिसाव्या शतकात या शहराने आपलं सार्वजनिक कर्ज कसं सांभाळलं. प्रबंध अर्धा झाला आणि यजमानांची बदली योकोहामाला झाली. दोन वर्षांसाठी म्हणून आल्या त्या तीस वर्षं राहिल्या. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, प्रबंध तेवढा सोबतीला उरला.

विषय त्या सोपा करून सांगायच्या. शहराला लांबच्या तलावाचं पाणी नळाने आणायचं होतं आणि तिजोरीत पैसे नव्हते. मग शहराने रोखे विकून कर्ज उभारलं आणि ते फेडण्यासाठी दरवर्षी पाणीपट्टीतली ठरावीक रक्कम बाजूला काढायची ठरवली. तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. "म्हणजे बघ, पहिल्या दिवशी पाणी आजोबा पिणार आणि शेवटचा हप्ता नातू भरणार. तो तर जन्मलाही नव्हता. त्याला कोणी विचारलं नाही, तरी त्याने भरला." त्या 'तरी'नंतर त्या जरा थांबायच्या. मंडळातल्या बायकांना हे पाठ झालं होतं. कर्जमावशी हे नाव त्यांनीच पाडलं, आणि मावशींना ते आवडत असे.

घरभर झेरॉक्सचे गठ्ठे होते. इमारतीत जुने कागद बाहेर ठेवायचा दिवस ठरलेला असे. त्या सकाळी मावशी एक गठ्ठा सुतळीने नीट बांधून खाली नेऊन ठेवायच्या आणि रद्दीची गाडी यायच्या आत परत वर आणायच्या. शेजारच्या जपानी बाईंनी एकदा काळजीने मला विचारलं, यांना काही मदत हवी आहे का. मी ते मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "सांग त्यांना, माझा व्यायाम चाललाय."

महिन्यातला एक रविवार मी त्यांच्याकडे जायचे. एकदा दार उघडताच, अगदी नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "या आठवड्यात मी एकच वाक्य बोलले. कोंबिनीतल्या मुलीला. पिशवी नको." कोंबिनी म्हणजे त्यांच्या कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं दुकान. मी हसले. त्या हसल्या नाहीत. पोहे भिजवायला आत गेल्या. त्या दिवशी मी ठरवलं, आता महिन्यातून दोनदा यायचं. ते जमलं नाही.

एका शनिवारी त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, सहा जण आले, त्यातले दोघे मध्येच उठून गेले. उरलेल्यांत एक म्हातारे जपानी गृहस्थ होते, ओनोसान. कुठल्याशा लहान गावाच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. हॉलबाहेर लावलेला कागद वाचून आत आले होते. मावशी मराठीत बोलत होत्या आणि मी ओनोसानांच्या कानाशी जपानीत सांगत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. ज्या वर्षी लोकांना पाणीपट्टी भरताच आली नसेल, त्या वर्षी शहराने काय बाजूला ठेवलं?

मावशींनी तो प्रश्न आपल्या कागदावर उतरवून घेतला. मग मला म्हणाल्या, "त्यांना सांग, मला माहीत नाही. पण शोधून सांगेन."

परतताना ट्रेनमध्ये त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता, की आजूबाजूचे लोक बघत होते. तीस वर्षांत त्यांना कोणी प्रश्नच विचारला नव्हता.

उत्तर असलं तर ते जन्मगावच्या दप्तरखान्यात. तिथे आता त्यांचं कोणी नव्हतं आणि गुडघे साथ देत नव्हते. मी म्हटलं, दिवाळीत मी येते तुमच्याबरोबर. तिकीट काढण्याआधी त्यांनी मला तीनदा तारीख विचारली. ऐन वेळी ऑफिसचं काम अडलं आणि मी फोनवर सांगितलं, पुढच्या वर्षी नक्की जाऊ.

"पुढच्या वर्षावर शहरंही टाकतात गं," त्या म्हणाल्या. "पण ती तसं लिहून ठेवतात."

त्या एकट्या गेल्या. दीड महिना एका लॉजवर राहिल्या, रोज रिक्षाने दप्तरखान्यात जाऊन वह्या चाळल्या, आणि उत्तर घेऊन आल्या. विमानतळावरून घरी पोचायच्या आत त्यांनी मला ओनोसानांना फोन लावायला सांगितला. फोन त्यांच्या मुलीने उचलला. वडील उन्हाळ्यातच गेले होते.

मी ते मावशींना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आपण जाऊ. मी कबूल केलंय."

ओनोसानांच्या घरी छोट्याशा काळ्या देव्हाऱ्यात त्यांचा फोटो होता. मुलीने उदबत्ती लावली. मावशींनी गुडघ्यांची पर्वा न करता जमिनीवर बैठक मारली, कागद काढला आणि फोटोकडे बघून वाचायला सुरुवात केली. पाऊस न झालेल्या एका वर्षी शहराला थोडीच रक्कम बाजूला काढता आली होती. कारकुनाने कमी पडलेली रक्कम शेजारी वेगळी लिहिली. ती दरवर्षी पुढच्या पानावर उतरवली गेली, थोडी थोडी कमी होत गेली आणि एका वर्षी तिथे नुसती रेघ आली. एकेक वाक्य मी जपानीत सांगत होते. दोनदा मला थांबावं लागलं. मावशी एकदाही थांबल्या नाहीत.

वाचून झाल्यावर मुलीने खाली वाकून नमस्कार केला. मग तिने मला विचारलं, ज्यांनी मागाहून ते भरलं, त्यांना हे कधी कोणी सांगितलं का?

मी मराठीत सांगितलं. मावशींनी कागदाची घडी घातली.

"नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लिहितेय."

मार्चमध्ये मावशी गेल्या. अंत्यविधीला आम्ही पाच जण होतो. ओनोसानांची मुलगी त्यांत होती. प्रबंधाची शेवटची तीन प्रकरणं हाताने लिहिलेली आहेत आणि ती मी रविवारी टाइप करते. अक्षर बारीक आहे, काही शब्द लागत नाहीत. तिथे मी जागा रिकामी सोडते आणि समासात लिहून ठेवते, मावशींना विचारायचं राहिलं.