कपाटाच्या काचेतला चेहरा

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, बावीस वर्षे एका वृत्तवाहिनीत चित्रण प्रक्षेपणासाठी तयार करण्याचे काम करतात. बातमीदाराने आणलेले अंधारे चित्र उजळायचे, बिघडलेले रंग ताळ्यावर आणायचे, ज्यांची ओळख लपवायची त्यांचे चेहरे धूसर करायचे. प्रत्येक कामाला वेगळा फिल्टर, आणि ते एकावर एक चढवायचे. यजमान गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. जेवताना हे इतक्यांदा ऐकले आहे की उद्या ते आजारी पडले तर मी कामावर जाऊ शकेन. त्यांनी लग्न केले नाही. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा माणूस. "याच्याशी संसार म्हणजे रोज जबानी," असे यजमान म्हणत.

त्या गुरुवारी ते सहालाच घरी आले. रसायनांच्या गोदामाला आग लागून नऊ कामगार गेले होते. दाराला बाहेरून कुलूप होते आणि ते कोणी लावले, हे तिथल्याच एका बाईने कॅमेऱ्यापुढे सांगितले होते. चेहरा दिसता कामा नये, एवढी तिची अट. कोण बोलणार आहे, याचा मालकाची माणसे वास काढत हिंडत होती.

"वहिनी, आज माझं काम बघाच. तिची सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही."

सात वाजता बातमी लागली. बाईच्या मानेवर नुसता धुराचा गोळा, आवाजही बदललेला. मी कौतुक करणार, तोच भाऊजींनी हातातला कप खाली ठेवला.

"कपाट," ते म्हणाले.

"कुठलं कपाट?"

"तिच्या बाजूचं. काचेत बघा."

मी टीव्हीजवळ गेले. काचेत त्या बाईचा चेहरा स्वच्छ दिसत होता. हनुवटीवरचा तीळसुद्धा.

मूळ चित्रणात ती काच काळीकुट्ट होती. भाऊजींनी चेहरा धूसर केला, एकेक चौकट तपासली. मग चित्र फार अंधारे आहे म्हणून वरिष्ठांकडून ते चित्रण परत आले, तेव्हा त्यांनी वरून उजळण्याचा फिल्टर चढवला. त्यानंतर चित्र पाहिलेच नाही. उजेड मोजणाऱ्या आलेखावरची रेष हद्दीत आहे, एवढे पाहून पाठवून दिले.

त्यांनी ऑफिसला फोन लावला. पलीकडचा हसला. "दादा, इतकं बारीक तुम्हीच बघणार!"

"मला दिसलं ना? मग आठचं थांबव."

आठचे थांबले. पण सातचे केव्हाच लोकांच्या मोबाइलवर पोचले होते.

भाऊजींनी त्या बातमीच्या पोरीला, म्हणजे बातमीदारणीला, फोन केला. ती गाडी घेऊन थेट बाईच्या खोलीवर गेली आणि तासाभरात तिला आमच्याकडे घेऊन आली. चाळिशीची, हातात एक पिशवी. भाऊजी तिच्यापुढे उभे राहिले.

"चूक माझी आहे, ताई. तुम्ही इथं राहा. कोणाला कळणार नाही."

"मी कुठे दिसले, ते दाखवा आधी."

त्यांनी मोबाइल पुढे केला. तिने चित्र थांबवले, बोटांनी मोठे केले. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलेही नाही. काचेच्या आत जेवणाचे डबे रचलेले होते आणि उजळल्यामुळे त्यांवर रंगवलेले आकडे वाचता येत होते.

"हे माझ्या बहिणीचं स्वयंपाकघर. ती बाहेर गेली असताना बोलले मी, तिला काहीच ठाऊक नाही. आमच्या गोदामातली निम्मी माणसं तिच्याकडनं डबा नेतात. मुकादमाचा सतरा नंबर. हा बघा."

बातमीदारणीने गाडीची किल्ली उचलली. बाई तोवर बहिणीला फोन लावत होती. तो लगेच उचलला गेला. खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचे शब्द मला ऐकू आले.

"अगं, आहेस कुठे तू? तुमच्या कामावरचे दोघं आलेत, तुझीच चौकशी करतायत. बसवलंय त्यांना आत. चहा टाकतेय."