मंडळीनं मागितलेलं मरण

घण हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जुन्या गाड्या फोडायच्या भंगारात तो कामाला. दार अडलं की पहार घालायची, इंजिन अडलं की घण. तिसरा उपाय त्याला ठाऊकच नाही. म्हणून घण. बायकोसुद्धा तेच म्हणते.

त्याच्या धाकट्या भावाला एका ट्रकवाल्यानं भररस्त्यात जॅकच्या दांड्यानं मारलं. का, तर ट्रक जरा बाजूला घ्या म्हणाला. खाली पडल्यावरही हाणत राहिला. घण पोचला तेव्हा चेहरा म्हणावा असं काही उरलं नव्हतं. त्यानं भावाला बुटांवरून ओळखलं. ट्रकवाला जामिनावर सुटला आणि दोन गल्ल्या पलीकडे पानाला चुना लावत आरामात उभा दिसायला लागला.

तेव्हापासून घण देवावर उखडला. बायको ओढून आणायची म्हणून चर्चला यायचा आणि धोंड्यासारखा बसायचा. गाणं नाही, आमेन नाही. पाळकसाहेबांनी एकदा देवाची इच्छा वगैरे सुरू केलं, तर त्यानं थेट कॉलर धरली. तरी मंडळीत कुणी त्याला वाळीत टाकलं नाही. शिवणकाम करणारी मावशी शेजारी येऊन बसायला लागली. तुझ्याच्यानं होत नाही ना, मग तुझ्या वाटचं मी म्हणते, एवढंच बोलली, आणि प्रत्येक आमेन दोनदा म्हणायला लागली. मागची पोरं खिदळायची. खिदळू देत.

त्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना चालली होती. यात कुणीही उठून काही मागायचं, आणि सगळ्यांनी एका सुरात साथ द्यायची. कुणी गुडघ्यासाठी मागितलं, कुणी पोरीच्या परीक्षेसाठी. तोंडं सवयीनं चाललेली, डोकी घरच्या कुकरवर. घण उठला.

"त्या ट्रकवाल्याचा मुडदा पडू दे. आज. माझ्या हातानं."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," अख्खी मंडळी म्हणाली.

म्हणून झालं आणि मग डोक्यात शिरलं. पाळकांचा हात हवेतच. मावशीनं तर दोनदा म्हटलं होतं.

घण हसला, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. तडक बाहेर पडला आणि भंगारातून पहार उचलली. मागे बघतो तर मंडळी हजर. ठेवणीतले कपडे, काखेत गीतांची पुस्तकं, पाळक झग्यातच. तो खेकसला, घरी जा सगळे.

"कशाला जाऊ?" मावशीला धाप लागली होती. "मागितलं आम्ही पण. रक्त सांडलं तर आमच्याही हाताला लागणार. आणि मागे घ्यायचं तर सगळ्यांनी मिळून घेऊ."

त्यानं ऐकलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे उभ्या असलेल्या ट्रकची पुढची काच एका घावात फोडली. ट्रकवाला साखळी घेऊन धावत आला आणि घणाच्या तोंडावर हाणली. घणानं दात थुंकला आणि पहार त्याच्या गुडघ्यात घातली. माणूस कोसळला. घणानं पहार वर उचलली, त्याच्या डोक्यावर नेम धरून.

तेवढ्यात बस चालवणारा मामा मधे घुसला. हा रविवारी चर्चच्या दारात उभा राहून सगळ्यांना बसायला जागा दाखवायचा. पहार त्याच्या हातावर बसली. कडाक. गाडीचा दांडा मोडावा तसा आवाज. हाड कातडीतून बाहेर आलं. घणाच्या हातून पहार गळली.

पोलीस आले. साखळीमुळे ट्रकवाल्याचा जामीन गेला. घणावरही केस झाली, त्याला पाळकच जामीन राहिले. कॉलर धरली होती, ते पाळक.

दवाखान्यात घणानं मामाला विचारलं, मधे कशाला तडफडलात?

"प्रार्थना ऐक म्हणताना जीभ माझीपण चालली होती ना," मामा कण्हत म्हणाला. "भोगतोय."

घण म्हणाला, देव-बिव काही नाही, मी आता चर्चला पाऊल ठेवणार नाही.

"नको ठेवूस. सकाळी घरी ये. बायको नाही मला, शर्टाची बटणं कोण लावणार? हात तू मोडलायस."

तेव्हापासून घण रोज सकाळी जातो. देवाचा विषय दोघंही काढत नाहीत. झोपेत त्याला अजून पहारच दिसते, आणि वरचं बटण लावताना मामाच्या गळ्याशी त्याची बोटं थांबतात.

"आवळायचाय तर आवळ," मामा म्हणतो. "पण आधी कॉलर सरळ कर."