ज्या तळ्यावर पक्षी बसत नव्हता

"पाण्यात नाही, पाण्यावर बघा," असं म्हणत ते माझा खांदा दाबायचे.

तरसालीत ते आमचे शेजारी होते. वाघोडियाला यंत्रं धुण्याचा बिनफेसाचा साबण बनवणाऱ्या कारखान्यात सांडपाणी विभागाचे प्रमुख. बारीक छिद्रांच्या पडद्यांतून पाणी दाबून साबण वेगळा करायचा आणि निवळ पाणी मागच्या तळ्यात सोडायचं, हे त्यांचं काम. पाणी चोख असल्याचा शब्द त्यांनी गावाला दिला होता.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नात सरबत दिलं तरी आधी पेला उजेडात धरणारी. त्यांची बायको मला म्हणायची, "भाऊजी, यांना चहा नुसता गाळून चालत नाही, तपासून लागतो."

एका रविवारी ते मला तळ्यावर घेऊन गेले. तळ दिसत होता. फेस नव्हता, पाण्यावर एक किडाही नव्हता. एक रानबदक उतरलं, पंख मिटले आणि बुडू लागलं. धडपड नाही, आवाज नाही. आधी पोट, मग पाठ. शेवटी ताठ मान तेवढी उरली. ते आमच्याकडे बघत होतं.

शेजारी बुटांसकट पाण्यात शिरले. बदक बाहेर आलं तेव्हा पिसं ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटली होती.

"साबण," ते म्हणाले. "पिसांत पाणी शिरतं."

"पण तुमचे पडदे?"

"मीच घोळ केला, यार. पडदे तुंबत होते म्हणून आत येणारं साबणाचं पाणी आणखी पाणी घालून पातळ करायला लावलं. दाट असला की साबण गुच्छ करून राहतो, अडकतो. पातळ केला की सुटा होऊन आरपार. बघितलंत ने? आता गावाला कोणत्या तोंडाने सांगू?"

सांगितलं मात्र त्यांनीच. तळ्याकडे जाणारं पाणी बंद केलं, आणखी बारीक छिद्रांचे पडदे बसवले. पुढे पाण्याचे अहवाल स्वच्छ आले. पण पक्षी बसेना. थवे यायचे, तळ्यावर घिरट्या घालायचे आणि निघून जायचे. निवृत्तीनंतरही ते दर रविवारी काठावर उभे राहत. "आज बसेल," म्हणत.

हिवाळ्यात ते गेले. काही आठवड्यांनी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकदा ते तळं दाखवा."

आम्ही पोचलो तेव्हा वारा पडला होता. एक बदक आलं, घिरट्या घालून उतरलं. मी त्याच्या पोटाजवळची पाण्याची रेघ बघत राहिलो. ती वर सरकली नाही. पाठ कोरडी होती.

"अहो," वहिनी हलकेच म्हणाल्या, "बसलं बघा."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काठावरच्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या. बदकानेही मान तिकडेच वळवली.