भिंतीवरचे बाण

बावीस वर्षांपूर्वी मास्तरांनी छोट्या छोट्या पासांच्या खेळावर कारखान्याच्या फुटबॉल संघाला करंडक मिळवून दिला, आणि तिथेच त्यांचं घोडं अडलं. खूश होऊन संघाच्या अध्यक्षांनी तो डाव बाणांसकट कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवून घेतला.

तेव्हाची पोरं चपळ होती. आताचे गडी गोदामातले हमाल, उंच आणि दांडगे. चेंडू डोक्यावर आला तर कुणाच्या बापाला ऐकायचे नाहीत; पायात आला की स्वतःच्याच पायात अडकायचे. मास्तरांना हे कळत नव्हतं का? पण अध्यक्षांसमोर त्यांची बोलती बंद व्हायची.

"तुमचाच डाव ना? मग बदला की!" बायको वैतागायची.

"माझा कुठला? आता तो भिंतीचा."

सलग सहा सामने हरल्यावर मात्र मास्तरांनी गोलकीपरला बाजूला घेतलं. "ते बाण गेले खड्ड्यात. लांब मार, थेट आपल्या लंबूच्या डोक्यावर."

लंबूने डोक्याने दोन गोल ठोकले. संघ जिंकला.

सामनाभर पाहुण्यांशी गप्पा मारणारे अध्यक्ष धावत येऊन मास्तरांच्या गळ्यात पडले. "बघितलंत? शेवटी मास्तरांचा जुना डावच कामाला आला!"

खरं काय ते मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण टाळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी मुंडी हलवली.

सोमवारी ते खोलीत शिरले, तर रंगारी शिडीवर चढून जुने बाण नव्याने गिरवत होता.

"आता अजून वीस वर्षं जात नाहीत हे," तो म्हणाला. "मास्तर, जरा शिडी धरता?"

मास्तरांनी शिडी धरली.